'अल'ची पारख



गेल्या वर्षी आमच्या शाळेतील नववीच्या मुलामुलींनी एक भित्तिपत्रक तयार केले. त्याला त्यांनी नाव दिले 'इंग्रजीतील आपले शब्द'. इंग्रजी शब्दकोश उघडून 'ए' आणि 'एल' या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द त्यांनी भराभर उतरवून घेतले होते. अल्जेब्रा, अल्कोहोल, अल्कली, अल्केमी, अल्गोरिदम, अल्कोव्ह, अल्बम, अल्फाबेट, अलिगेटर, ऑल्सो, ऑल्मोस्ट. प्रत्येक शब्दातील 'अल' हिरव्या शाईने रंगवलेला होता. कुणीतरी त्यांना सांगितले होते, की इंग्रजीत जिथे 'अल' दिसेल तिथे शब्द अरबीतून आला असे समजावे.

भित्तिपत्रक लावायच्या दिवशी वर्गात वाद झाला. एका मुलाचे म्हणणे होते, की 'अल्कोहोल' हा शब्द यादीतून काढून टाकावा. जी वस्तू आपल्याकडे हराम, तिचे नाव आपले कसे असेल? दुसरे म्हणत होते, राहू द्या, शब्द तर आपलाच आहे. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, "सर, एवढे सगळे शब्द आपलेच असतील, तर मग इंग्रजीत आपण नापास का होतो?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण तिच्या प्रश्नाने मला त्या दिवशी ठरवलेला पाठ बाजूला ठेवायला लावला. बी.एड.च्या वर्गात पाठाचे टाचण काढायला शिकवतात, असे प्रश्न आल्यावर काय करावे ते शिकवत नाहीत.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. ती यादी दोन प्रकारे चुकली होती. जे शब्द अरबीतून आलेलेच नाहीत ते तिने आपल्या नावावर लावून घेतले होते आणि जो खरोखर आलेला आहे त्याला हाकलून द्यायला ती निघाली होती. दोन्ही चुकांचे मूळ एकच. शब्दाची चौकशी न करता आपण त्याच्याशी नाते जोडतो किंवा तोडतो.

आता 'अल' म्हणजे काय ते पाहू. तुम्ही कुरआन शरीफ वाचायला शिकलात, तेव्हा हा 'अल' तुम्हाला भेटला आहे. अरबीत एखाद्या ठरावीक वस्तूबद्दल बोलायचे असले, की नामाच्या आधी 'अल' लावतात. इंग्रजीत 'द' लावतात, तसाच. 'किताब' म्हणजे कोणतेही पुस्तक, 'अल्-किताब' म्हणजे ते अमुक पुस्तक. मराठीत असा शब्द नाही आणि उर्दूतही नाही.

आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर मात्र हा 'अल' जागोजागी लपलेला आहे. 'अब्दुल' हे नाव घ्या. अनेक जण, आपले शेजारी आणि कधी कधी आपणसुद्धा, अब्दुल हे पूर्ण नाव समजून हाक मारतो. अब्द म्हणजे दास आणि पुढचा 'उल' म्हणजे तोच आपला 'अल'. म्हणजे अब्दुल म्हणताना आपण नाव मध्येच तोडतो. अब्दुल करीम म्हटले तर ते पुरे होते. आणि 'अब्दुर्रहमान' म्हणताना लाम कुठे गेला? शमसुद्दीनमधला लाम कुठे गेला? तुम्हाला उत्तर माहीत आहे. अरबीच्या 28 अक्षरांपैकी 14 हुरूफे शमसी. त्यांच्या आधी लाम लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. उरलेली 14 हुरूफे कमरी, तिथे लाम स्पष्ट ऐकू येतो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा 'अल' इंग्रजीत गेला कसा? बहुतेक वेळा स्पेनमार्गे. इ.स. 711 मध्ये मुस्लिम फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि 1492 मध्ये ग्रॅनाडाचे शेवटचे राज्य गेले. म्हणजे जवळजवळ आठशे वर्षे त्या देशाच्या कमीअधिक भागात अरबी बोलली, लिहिली, ऐकली जात होती. स्थानिक लोकांच्या कानावर शब्द पडायचा तो 'अल'सकट. 'अल' वेगळा आणि नाम वेगळे, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी जसे ऐकले तसे उचलले. अल्-कुत्न म्हणजे कापूस, स्पॅनिशमध्ये झाला 'अल्गोदोन'. अल्-काजी म्हणजे न्यायाधीश, स्पॅनिशमध्ये 'अल्काल्दे', आज त्याचा अर्थ नगराध्यक्ष. साखरेला अरबीत सुक्कर म्हणतात. सीन हे शमसी अक्षर, म्हणून लाम गळाला, 'अस्-सुक्कर' झाले आणि स्पॅनिशमध्ये 'अझूकार'. पाहा, तुमचा शमसी-कमरीचा नियम स्पेनच्या किराणा दुकानातसुद्धा लागू पडतो.

इटालीच्या व्यापाऱ्यांनी हेच शब्द उचलले ते मात्र 'अल' गाळून. इटालियनमध्ये साखरेला 'झुक्केरो' आणि कापसाला 'कोतोने' म्हणतात. इंग्रजीतील 'शुगर' आणि 'कॉटन' याच बिनशेपटीच्या, किंवा बिनडोक्याच्या म्हणा, घराण्यातले. साखरेची गंमत तर आणखी पुढे आहे. अरबी सुक्कर फारसी 'शकर'वरून आला आणि त्याच्यामागे संस्कृत 'शर्करा' आहे. आपली मराठी 'साखर'ही शर्करेचीच लेक. म्हणजे चहात साखर घाला किंवा शुगर घाला, शब्द एकाच घरातला.

आता इंग्रज माणूस 'द अल्कोव्ह' म्हणतो. अल्कोव्ह म्हणजे खोलीतला कोनाड्यासारखा आत गेलेला भाग. मूळ अरबी 'अल्-कुब्बा', म्हणजे घुमट. 'द' आणि 'अल' एकाच अर्थाचे, म्हणजे त्याने एकच शब्द दोनदा वापरला. त्याला हसू नका. आपल्या घरात 'शबे बरात की रात' म्हणतातच ना? शब म्हणजेच रात. 'आबे जमजमचे पाणी' म्हणतात आणि आब म्हणजेच पाणी. भाषा अशीच चालते.

काही वेळा 'अल' पुढे न राहता मागे चिकटला. समुद्रावरच्या सरदाराला अरबीत 'अमीर-अल्-बहर' म्हणत. त्यातला 'बहर', म्हणजे समुद्रच, वाटेत गळून पडला, 'अमीर-अल' तेवढा उरला. त्याचा झाला 'अॅडमिरल'. बिनसमुद्राचा दर्यासारंग! मराठीत 'अमीर-उमराव' हा जोडशब्द आहे, त्यातील 'उमराव' हे याच अमीरचे अनेकवचन 'उमरा'.

आता त्या भांडणाच्या शब्दाकडे येऊ. 'कुहल' म्हणजे सुरमा. डोळ्यांत घालण्यासाठी सुरम्याचा दगड वस्त्रगाळ कुटावा लागतो. अल्-कुहल हा शब्द युरोपात गेला तेव्हा 'अल्कोहोल'चा अर्थ होता, अत्यंत बारीक भुकटी. कसलीही भुकटी. मग अर्थ सरकला. ज्याप्रमाणे दगड कुटून त्याचा बारीकात बारीक भाग काढतात, त्याप्रमाणे एखादा पदार्थ तापवून त्याचा अर्क काढला, तर तोही त्याचा बारीक भागच नाही का? म्हणून अर्कालाही अल्कोहोल म्हणू लागले. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने द्राक्षाच्या मद्यातून काढलेल्या अर्काला 'मद्याचा अल्कोहोल' म्हटले. पुढे 'मद्याचा' हा शब्द गळाला आणि अल्कोहोल तेवढा उरला. आजच्या अरबीत त्या द्रवाला 'कुहूल' म्हणतात. डोळ्यांचा सुरमा युरोपची सफर करून, वेश बदलून घरी परतला.

हे सांगून झाल्यावर तो वाद घालणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, नाव आपल्या दादीच्या सुरमेदाणीतून गेले!" अगदी तसेच. मग त्या शब्दाने काय गुन्हा केला? वस्तू वर्ज्य असेल तर वस्तू टाळावी. शब्द टाळून काही साधत नाही. शिवाय तो दवाखान्यात, प्रयोगशाळेत, विज्ञानाच्या पुस्तकात रोज लागतो. मी त्याला तो शब्द मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहायला सांगितला.

'अल्कली' हा तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील शब्दही असाच. खाऱ्या जमिनीत वाढणारी काही झुडपे जाळून त्यांची राख काढत. तिला अरबीत 'अल्-कली' म्हणत. साबण आणि काच करायला ती लागे. पोटॅशियम या धातूची खूण 'के' का, 'पी' का नाही, असे तुम्ही कधी विचारले आहे का? त्याचे लॅटिन नाव 'कॅलियम', आणि ते याच 'कली'वरून पाडलेले. पाठ करताना मुले ही खूण नेहमी चुकतात. राख आठवली तर चुकणार नाहीत.

अल्जेब्राकडे मात्र मला थोडे थांबू द्या, कारण गणिताच्या तासाला ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी हा शब्द मुद्दाम आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये खलिफा मामून यांच्या काळात मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझमी नावाचे विद्वान होते. सुमारे 820 साली त्यांनी हिशेबावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावात दोन शब्द होते, 'अल्-जब्र' आणि 'अल्-मुकाबला'. उर्दूत आपण 'जब्र'चा अर्थ जुलूम, जबरदस्ती असा घेतो. बीजगणित शिकताना तो अर्थ खरा वाटतो, हे मी कबूल करतो! पण अरबीत जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. मोडलेल्या हाडाला बांधायची पट्टी 'जबीरा' म्हणवते. दहातून क्ष वजा केले तर चार उरतात, असे समीकरण असेल, तर ख्वारिझमी म्हणतात, डावी बाजू तुटलेली आहे, तिला सांधा. क्ष पलीकडे नेऊन मिळवा. दहा बरोबर चार अधिक क्ष. हे झाले जब्र. मग दोन्ही बाजूंना समोरासमोर उभे करून सारखे सारख्यातून कमी करायचे, हा झाला मुकाबला. क्ष बरोबर सहा. या पुस्तकात खुणा नव्हत्या, सारे गणित शब्दांत लिहिलेले होते.

1145 मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर या इंग्रजाने स्पेनमधील सेगोव्हिया गावी बसून या पुस्तकाचे लॅटिन भाषांतर केले. पुढे युरोपात मुकाबला मागे पडला आणि अल्जेब्रा राहिला. स्पेनमध्ये मात्र 'अल्गेब्रिस्ता' म्हणजे हाडवैद्य, हा जुना अर्थही चालू होता. सर्वांतेसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीच्या 1615 साली निघालेल्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या माणसासाठी अल्गेब्रिस्ता शोधतात. तो गणित सोडवायला नव्हे, बरगड्या बसवायला येतो.

'अल्गोरिदम' हा संगणकाच्या जगातील शब्द म्हणजे तर ख्वारिझमींचे नावच. ख्वारिझम हा मध्य आशियातील प्रदेश, आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या देशांत आहे. आपल्याकडे मालेगावकर, सोलापूरकर, तसे ते ख्वारिझमकर. लॅटिनमध्ये त्यांचे नाव 'अल्गोरित्मी' झाले. ज्या लॅटिन पुस्तकातून हे नाव पसरले, ते हिंदी अंकांवरचे आहे. एकपासून नऊपर्यंतचे अंक आणि शून्य यांनी हिशेब कसा करावा, हे ख्वारिझमींनी त्यात समजावले आणि हे अंक हिंदच्या लोकांचे आहेत हेही सांगितले. ब्रह्मगुप्तांनी 628 साली लिहिलेला ज्योतिषाचा ग्रंथ आठव्या शतकात बगदादला पोहोचला होता. 'सिद्धान्त' या शब्दाचे तिथे 'सिंदहिंद' झाले आणि ख्वारिझमींनी त्याच्या आधारे ग्रहांची कोष्टके केली.

आता मला सांगा, अल्गोरिदम कुणाचा? नाव ख्वारिझमचे, भाषा अरबी, अंक हिंदुस्थानचे, स्पेलिंग लॅटिन, आणि वापरणारे आपण सगळे. भित्तिपत्रकावर 'आपले' असे लिहिले होते, त्याला माझी हरकत नव्हती. 'फक्त आपले' असे मनात धरले होते, त्याला होती. ख्वारिझमींनी स्वतः ज्यांचे होते त्यांचे नाव घेतले, मग आपण का चोरावे?

उरलेल्या यादीची पारख आम्ही वर्गातच केली. 'ऑल्सो' आणि 'ऑल्मोस्ट' यांतला 'ऑल' हा अस्सल इंग्रजी, अर्थ 'सर्व'. ते दोन्ही गेले. 'अल्बम' लॅटिन, 'अल्बस' म्हणजे पांढरा, म्हणून कोरी पाटी. गेला. 'अल्फाबेट' ग्रीक, अल्फा आणि बीटा या पहिल्या दोन अक्षरांवरून. इथे मुले हटून बसली, कारण अल्फा आणि आपला अलिफ सारखेच ऐकू येतात. त्यांचे बरोबर होते. दोन्ही अक्षरे जुन्या फिनिशियन लिपीच्या कुळातली, चुलत भावंडे. पण त्यातला 'अल' हा अक्षराच्या नावाचाच भाग आहे, 'द'च्या अर्थाचा नाही. 'अलिगेटर'ने सर्वांत जास्त करमणूक केली. स्पॅनिशमध्ये सरड्याला 'लागार्तो' आणि 'तो सरडा' म्हणजे 'एल लागार्तो'. इंग्रज खलाशांनी दोन्ही शब्द जोडून त्या सुसरीसारख्या प्राण्याचे नाव केले. स्पॅनिश लोकांनी अरबीचे जे केले, तेच इंग्रजांनी स्पॅनिशचे केले!

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात ठासून सांगितले होते, की 'अलमारी' हा शब्द अरबी आहे, पाहा, सुरुवातीलाच 'अल' आहे. कुणी विरोध केला नाही. शिक्षकाला कोण विरोध करणार? दोन वर्षांनी शब्दकोश चाळताना कळले, की अलमारी पोर्तुगीज 'आर्मारियो'वरून आलेली आहे. चावी, पाव, बटाटा यांच्याबरोबर ती गलबतातून उतरली. माझे ते विद्यार्थी तोवर शाळा सोडून गेले होते. त्यांच्यापैकी कुणी आजही अलमारी अरबी समजत असेल, तर दोष माझा आहे.

तुम्हाला वाटेल, मराठीच्या पुस्तकात हे सारे कशाला? कारण तुमच्यापैकी पुष्कळांना मराठी ही परीक्षेपुरती, परकी भाषा वाटते. मला शाळेत असताना तसेच वाटायचे. मग एकदा 'किमया' हा शब्द वाचला. कारागिराच्या हातची किमया. अरे, ही तर आपली 'कीमिया'! उर्दू शाळेत रसायनशास्त्राला आपण कीमिया म्हणतो. अरबी अल्-कीमियापासून युरोपात अल्केमी झाली, पुढे 'अल' गळून केमिस्ट्री झाली. अरबांनी तो शब्द ग्रीकांकडून घेतला होता. एकाच शब्दाची इंग्रजीत झाली विद्या आणि मराठीत झाली जादू. मला मराठीचा अर्थ अधिक आवडतो.

आणि खुद्द 'अल' मराठीत आहे का? आहे की. जुन्या पुस्तकांत 'अलबत' भेटेल, म्हणजे नक्कीच. तो अरबीतील 'अल्-बत्ता'. 'बिलकूल' तर सगळेच बोलतात. बि, अल्, कुल्ल, असे तीन तुकडे त्यात आहेत, मधला तोच आपला. 'मुकाबला' कुस्तीच्या आखाड्यापर्यंत पोहोचला आहे. पण सावध राहा. 'अलाहिदा' म्हणजे निराळा, हा जुन्या मराठी कागदपत्रांतील शब्द 'अल'चा वाटतो. उर्दूत लिहून पाहा, सुरुवातीला ऐन येतो, अलिफ येत नाही. 'जबरदस्त'मध्ये जब्र आहे असे वाटते. उर्दूत तो 'झे'ने लिहितात, फारसी 'जबर' म्हणजे वर, तुमच्या जेर-जबरमधला. मराठीत 'जेरीस आणणे' म्हणतात, ते त्या जेरवरून, म्हणजे खाली दाबणे. देवनागरीत या खुणा पुसल्या जातात. त्या तुम्हाला दिसतात, कारण तुम्ही दुसरी लिपीही वाचता. मराठी माध्यमातल्या तुमच्या मित्राला ही सोय नाही. मग मराठीच्या तासाला मान खाली घालून बसायचे कारण काय?

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. तो प्रथम 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये वाढवून पुन्हा छापला गेला. त्यात अनेक शब्दांपुढे तो अरबी, फारसी की संस्कृत, याची खूण दिलेली असते. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश 1925 चा. तुमच्या शाळेत नसेल तर गावच्या वाचनालयात विचारा.

भित्तिपत्रक आम्ही दुसऱ्यांदा लिहिले. 'इंग्रजीतील आपले शब्द' हे नाव मुलांनीच काढले आणि 'शब्द कुठून कुठे' असे ठेवले. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने एका सुटीत लायब्ररीत बसून त्यात दोन तारे घातले. आकाशात लालसर चमकणारी आपली रोहिणी, तिला इंग्रजीत 'अल्डेबरान' म्हणतात. अरबी 'अद्-दबरान', म्हणजे मागून येणारा, कारण तो कृत्तिकांच्या मागून उगवतो. दाल शमसी, म्हणून अरबी बोलताना लाम ऐकू येत नाही, तरी युरोपच्या लिहिण्यात तो शिल्लक आहे. आणि आपला श्रवण म्हणजे 'अल्टेअर', अरबी 'अन्-नस्र-अत्-ताइर', उडणारा गरुड. ताइर म्हणजे उडणारा, हे तिला उर्दूवरून आधीच माहीत होते. यादीच्या शेवटी तिने 'अलमारी' लिहून पुढे 'पोर्तुगीज' असे लिहिले आणि कंसात माझे नाव घातले. मी ते खोडायला सांगितले नाही.